बफर आणि अ‍ॅम्पची जोडी: आधी ओहम, मग वॉट

गाडीत सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर (बोलीत ‘बफर’), बसवायचा म्हटले की दुकानात पहिला प्रश्न वॉटचाच निघतो. अ‍ॅम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) किती वॉटचा घ्यावा, बफर किती वॉट पेलतो आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला २००० चा आकडा खरा मानावा की नाही, एवढ्यावरच बोलणे संपते. वास्तविक अ‍ॅम्पचे वॉट हे एकट्या अ‍ॅम्पचे नसतातच. तोच अ‍ॅम्प ४ ओहमच्या भारावर (ओहम हे विजेच्या रोधाचे एकक, आणि भार म्हणजे समोर जोडलेला सबवूफर) ३०० वॉट देतो आणि २ ओहमच्या भारावर ५०० वॉट देतो. त्यामुळे त्याच्यापुढे किती ओहमचा भार येणार हे ठरल्याशिवाय ‘किती वॉट’ या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही. जोडी जुळवताना आधी ओहम ठरवावेत आणि मग त्या ओहमवरचे वॉट पाहावेत. हा क्रम उलटा झाला की एक तर पैसे देऊन घेतलेली शक्ती वापरात येत नाही, नाही तर अ‍ॅम्प तापून बंद पडू लागतो.

यामागचे गणित शाळेतलेच आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार व्होल्टेज तेवढेच ठेवून रोध निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो. अ‍ॅम्प हे साधारणपणे व्होल्टेज पुरवणारे यंत्र आहे. स्टिरिओकडून आलेला बारीक सिग्नल तो मोठ्या व्होल्टेजचा करतो, आणि प्रवाह किती वाहायचा हे समोरची, म्हणजे सबवूफरमधली, कॉइल ठरवते. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की वॉट मिळतात. एखादा अ‍ॅम्प ३१.६ व्होल्ट देत असेल, तर त्याचा वर्ग साधारण १००० होतो. म्हणून ४ ओहमवर २५० वॉट, २ ओहमवर ५०० वॉट आणि १ ओहमवर १००० वॉट निघायला हवेत. कागदावर हे फारच आकर्षक दिसते, पण प्रत्येक पायरीला प्रवाह ८ अँपिअरवरून १६ वर आणि १६ वरून ३२ वर जातो, आणि तो सगळा अ‍ॅम्पमधल्या ट्रान्झिस्टरांतूनच वाहतो. ते ट्रान्झिस्टर जिथपर्यंत हा प्रवाह सुरक्षितपणे वाहू देऊ शकतात तिथपर्यंतच उत्पादक हमी देतो, आणि ती मर्यादा ‘किमान २ ओहम’ किंवा ‘१ ओहम स्टेबल’ अशा शब्दांत माहितीपत्रकात लिहिलेली असते. प्रत्यक्षात ४ ओहमचा आकडा २ ओहमच्या आकड्याच्या बरोबर निम्मा न येता थोडा जास्त येतो, कारण प्रवाह कमी असताना अ‍ॅम्पचा आतला पुरवठा कमी दबतो.

सबवूफरवर लिहिलेले ‘४ ओहम’ हे त्याचे नाममात्र मूल्य आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. कॉइल म्हणजे तांब्याची बारीक तार असते, आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिची दोन टोके मोजली तर ४ ओहमच्या कॉइलचे वाचन बहुधा ३.२ ते ३.७ च्या दरम्यान येते. हा दोष नाही. मल्टिमीटर एकदिश प्रवाहाने फक्त तारेचा रोध मोजतो. गाणे चालू असताना मात्र प्रवाह सतत दिशा बदलतो, कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलते आणि हलताना स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करते. या सगळ्याचा मिळून जो विरोध होतो त्याला इम्पिडन्स म्हणतात, आणि तो प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो. सबवूफरच्या स्वतःच्या अनुनादाजवळ (ज्या वारंवारतेला तो आपोआप जोरात हलतो तिथे) ४ ओहमचा आकडा २० ओहमच्याही वर जाऊ शकतो. बॉक्समध्ये बसवल्यावर हा चढ आणखी वेगळ्या जागी सरकतो. म्हणून ‘२ ओहमवर ५०० वॉट’ हे वाक्य त्या जोडीची वरची मर्यादा सांगते. प्रत्येक सुराला ५०० वॉट पोचतात असा त्याचा अर्थ नव्हे. जोडणी करताना मात्र नाममात्र आकडाच धरावा, कारण अ‍ॅम्पची किमान मर्यादाही त्याच आकड्यांत लिहिलेली असते.

खरा गोंधळ होतो तो दुहेरी कॉइलमुळे. आज विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा सबवूफरांत एकाच नळीवर दोन स्वतंत्र कॉइल गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्या टर्मिनलच्या दोन जोड्या बास्केटच्या (सांगाड्याच्या) दोन बाजूंना असतात. एकाच मॉडेलचे दोन प्रकार मिळतात: एकात प्रत्येक कॉइल २ ओहमची, दुसऱ्यात प्रत्येक ४ ओहमची. मॉडेलच्या नावाच्या शेवटी बहुधा डी-२ किंवा डी-४ अशी खूण असते. किंमत सारखी, दिसायला सारखे, आवाजातही फारसा फरक नाही, आणि म्हणूनच दुकानदार जो हाताशी असेल तो देऊन मोकळा होतो. पुढचे सगळे गणित मात्र या एका खुणेवर अवलंबून आहे.

दोन्ही कॉइलची अधिक टोके एकत्र आणि उणे टोके एकत्र जोडली की ती समांतर जोडणी होते आणि ओहम निम्मे होतात. एका कॉइलचे उणे टोक दुसरीच्या अधिक टोकाला जोडून उरलेली दोन टोके अ‍ॅम्पकडे नेली की ती एकसर जोडणी होते आणि ओहमची बेरीज होते. त्यामुळे डी-४ सबवूफर अ‍ॅम्पला २ ओहमचा किंवा ८ ओहमचा दिसू शकतो, तर डी-२ सबवूफर १ ओहमचा किंवा ४ ओहमचा. आता वरचाच अ‍ॅम्प घ्या: ४ ओहमवर ३००, २ ओहमवर ५००, किमान मर्यादा २ ओहम. त्याच्यासाठी ५०० वॉट पेलणारा १२ इंची डी-४ घेऊन कॉइल समांतर जोडल्या की भार बरोबर २ ओहमचा होतो आणि जोडी जुळते. त्याच सबवूफरचा डी-२ प्रकार घेतला, तर समांतर जोडणीत १ ओहम येतो, जो या अ‍ॅम्पला चालणार नाही. एकसर जोडणीत ४ ओहम येतात, जे सुरक्षित आहेत, पण त्यावर ३०० वॉटच मिळतात. तिसरी वाट नाही. एक कॉइल मोकळी सोडून दुसरीच वापरण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती स्वीकारू नये, कारण त्यामुळे सबवूफरची शक्ती पेलण्याची क्षमता जवळपास निम्मी होते आणि बॉक्स ज्या गुणधर्मांवरून आखलेला असतो तेही बदलतात.

दोन सबवूफर बसवायचे असतील तर गंमत उलटी होते. दोन डी-४ घेतले तर एकूण भार १ ओहम किंवा ४ ओहम जमतो, पण २ ओहम कोणत्याही सरळ जोडणीने जमत नाही. दोन डी-२ घेतले तर प्रत्येकाच्या कॉइल एकसर जोडून प्रत्येकी ४ ओहम करायचे आणि मग दोन्ही सबवूफर एकमेकांना समांतर जोडायचे. अ‍ॅम्पला २ ओहमचा भार दिसतो. म्हणजे २ ओहम मर्यादेच्या अ‍ॅम्पवर एकटा असेल तर डी-४ आणि जोडी असेल तर डी-२ योग्य. १ ओहम पेलणाऱ्या अ‍ॅम्पवर नेमके याच्या उलट. पुढेमागे दुसरा सबवूफर जोडण्याचा विचार असेल, तर तो पहिल्या खरेदीच्या वेळीच बोलून दाखवावा. शक्ती अर्थातच दोघांत वाटली जाते, त्यामुळे ५०० वॉटच्या अ‍ॅम्पवर प्रत्येकाच्या वाट्याला २५० वॉट येतात. दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे आणि एकाच प्रकारचे असावेत, नाही तर शक्तीची वाटणी असमान होऊन एकावर जास्त भार पडतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर, पण अ‍ॅम्पला तारा लावण्याआधी, मल्टिमीटरने दोन मोकळी टोके मोजून पाहावीत. एकट्या डी-४ कडून २ ओहमची अपेक्षा असेल तर वाचन १.६ ते १.९ च्या आसपास यावे. ८ च्या जवळ आले तर जोडणी एकसर झाली आहे, ३.५ आले तर एक कॉइल सुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर कुठे तरी तारेचे केस एकमेकांना चिकटले आहेत. एका कॉइलची अधिक-उणे टोके उलटी लागली असतील तर मात्र मीटरला काहीच कळत नाही. तेव्हा दोन कॉइल परस्परविरुद्ध ढकलतात, कोन (सबवूफरचा पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ जागचा हलत नाही आणि बेस गायब होतो. बेस येत नाही म्हणून आवाज वाढवत नेला की दोन्ही कॉइल नुसत्या तापत राहतात, म्हणून टर्मिनलचे रंग नीट पाहूनच तारा लावाव्यात.

दोन किंवा चार चॅनेलच्या अ‍ॅम्पवर सबवूफर ‘ब्रिज’ करून लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. यात दोन चॅनेल एकच भार विरुद्ध बाजूंनी ओढतात, त्यामुळे भारावरचे व्होल्टेज दुप्पट होते आणि प्रत्येक चॅनेलला तो भार निम्म्या ओहमचा भासतो. ४ ओहमचा सबवूफर ब्रिज केला की प्रत्येक चॅनेल २ ओहमवर चालत असतो. म्हणूनच जो अ‍ॅम्प साध्या जोडणीत २ ओहम पेलतो त्याच्यावर ‘ब्रिज केल्यास किमान ४ ओहम’ असे लिहिलेले असते, आणि समांतर जोडलेला डी-४ सबवूफर अशा अ‍ॅम्पला ब्रिज करून लावणे म्हणजे त्याला १ ओहमवर राबवणे होय. परिणाम लगेच दिसतोच असे नाही. हळू आवाजात सगळे ठीक चालते. मोठ्या आवाजात पंधरा-वीस मिनिटांनी अ‍ॅम्पचा लाल दिवा लागतो आणि तो प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो, आणि मालक अ‍ॅम्पच खराब आहे असे समजून तो बदलायला जातो.

आता वॉटकडे येऊ. टेपरेकॉर्डरच्या काळात पीएमपीओ नावाचा आकडा खोक्यांवर छापलेला असे, आणि तळहाताएवढे स्पीकर हजारो वॉटची भाषा बोलत. गाडीच्या अ‍ॅम्पवरचा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ हा आकडा त्याच घराण्यातला आहे. जुळणीसाठी फक्त आरएमएस म्हणून दिलेला, सलग पुरवता येणारा आकडा पाहावा, आणि तो किती ओहमवरचा, किती व्होल्टवरचा आणि किती विकृतीवरचा (आवाज मूळ सिग्नलपेक्षा किती बिघडतो त्यावरचा) आहे हेही पाहावे. या तीन गोष्टी ठरवून देण्यासाठी अमेरिकेतल्या ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आणले. संघटनेचे नाव पुढे बदलल्यामुळे त्याला आता सीटीए-२००६ म्हणतात. त्यानुसार ४ ओहमचा भार, १४.४ व्होल्टचा पुरवठा आणि विकृती १ टक्क्याच्या आत, अशा अटींवर मोजलेले वॉट जाहीर करायचे असतात. हे चिन्ह असलेल्या अ‍ॅम्पच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

चिन्ह नसेल तर अ‍ॅम्पच्या बाजूचा फ्यूज बघावा. तो सहसा खोटे बोलत नाही. फ्यूजचे अँपिअर गुणिले १४ व्होल्ट केले की अ‍ॅम्प जास्तीत जास्त किती वॉट खेचू शकेल ते कळते. त्यातले क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प साधारण ८० टक्के बाहेर देतो, तर जुन्या क्लास एबी प्रकारचा ५० ते ६० टक्केच देतो. ‘२००० वॉट’ लिहिलेल्या अ‍ॅम्पवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर त्याची सलग शक्ती क्लास डी धरूनही सव्वातीनशे-साडेतीनशे वॉटच्या पुढे जात नाही. हा अंदाज ढोबळ आहे. पण लेबलपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे.

सबवूफर आणि अ‍ॅम्प यांचे आरएमएस आकडे किती जवळ असावेत? माझ्या मते सबवूफरच्या आरएमएसच्या तीन चतुर्थांशापासून त्याच्या थोडे वरपर्यंत कुठेही अ‍ॅम्प असला तरी चालतो, अट एवढीच की गेन (सिग्नलची पातळी जुळवणारा स्क्रू) नीट लावलेला असावा. ‘कमी वॉटचा अ‍ॅम्प बफर जाळतो’ हे वाक्य दुकानोदुकानी ऐकू येते, ते अर्धेच खरे आहे. कमी शक्तीमुळे कॉइल जळत नाही. ती उष्णतेने जळते. अ‍ॅम्पची क्षमता संपल्यावरही आवाज वाढवत राहिले की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात, आवाज फाटतो आणि ती लाट चौकोनी होत जाते. पूर्ण चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. आता हिशोब करा: २०० वॉटचा अ‍ॅम्प कितीही पिळला तरी ४०० वॉटच्या पुढे जाणार नाही, आणि ५०० वॉटची कॉइल ते सोसून जाईल. ४५० वॉटचा अ‍ॅम्प मात्र तसाच पिळला तर ९०० वॉटच्या दिशेने जाऊ लागतो आणि त्याच कॉइलच्या वार्निशचा वास गाडीभर पसरतो. शिवाय साध्या संगीतात ठोक्यांच्या मध्ये विश्रांती असते, त्यामुळे सरासरी शक्ती शिखराच्या मानाने बरीच कमी राहते; फाटलेल्या आवाजात ती विश्रांतीही कमी होते. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २०० अंशांना पोचलेल्या कॉइलचा रोध थंड असतानाच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी जास्त असतो. आवाज त्यामुळे आपोआप थोडा बसतो, आणि ऐकणारा पुन्हा नॉब फिरवतो.

म्हणून गेन लावण्याला महत्त्व आहे. गेन हा आवाजाचा नॉब नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलची पातळी अ‍ॅम्पशी जुळवण्याचा तो स्क्रू आहे, आणि तो अर्ध्यावर असतानाही अ‍ॅम्प पूर्ण शक्ती देऊ शकतो. मल्टिमीटर असेल तर गेन घरीही लावता येतो. हव्या असलेल्या वॉटला ओहमने गुणून वर्गमूळ काढावे: ५०० वॉट आणि २ ओहम असतील तर ३१.६ व्होल्ट, ३०० वॉट आणि ४ ओहम असतील तर ३४.६ व्होल्ट. सबवूफरच्या तारा अ‍ॅम्पपासून सोडवाव्यात, गाडी सुरू ठेवावी, इक्वलायझर सपाट करावा, बेस बूस्ट शून्यावर आणावा आणि गेन पूर्ण मागे घ्यावा. मग ५० हर्ट्झचा शून्य डेसिबल पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला सलग स्वर लावून स्टिरिओचा आवाज एकूण पातळीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर न्यावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या टर्मिनलला लावावा आणि स्क्रू अगदी सावकाश फिरवत ठरलेल्या आकड्यावर थांबावे. अ‍ॅम्पचा खरा आकडा लेबलपेक्षा कमी असल्याची शंका असेल, तर फ्यूजवरून काढलेले वॉट धरून व्होल्टेज काढावे. पुढे गाणी ऐकताना बेस बूस्टला हात लावू नये हे बरे, कारण ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्तीची मागणी आणि १२ डेसिबल म्हणजे सोळापट. इतके काटेकोर लावलेले गेन मग कामाचे राहत नाही.

पुरवठ्याबद्दल थोडक्यात. ५०० वॉट देणारा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर खेचतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटर अंतरात ४ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर जवळपास १ व्होल्ट तारेतच जातो. २१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे ४ गेजच्या, शुद्ध तांब्याच्या तारेत ही घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा स्वस्त किटमध्ये सर्रास असतात. त्या घ्यायच्याच असतील तर एक माप जाड घ्याव्यात. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच, कारण तो अ‍ॅम्पसाठी नसून तार कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागू नये यासाठी असतो. अर्थिंगची जागा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावी. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास असते, आणि आतला पुरवठा नियंत्रित नसलेल्या अ‍ॅम्पची शक्ती तेव्हा १४.४ व्होल्टवरच्या आकड्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून मोठ्याने गाणी लावल्यावर आवाज लवकर का फाटतो, याचे कारण यातच आहे.

ओहमच्या मागे लागून १ ओहमपर्यंत उतरावे का, हा प्रश्न नेहमी येतो. कमी ओहमवर अ‍ॅम्प जास्त तापतो, त्याची कार्यक्षमता घटते आणि विकृती वाढते. बदल्यात मिळणारा आवाज कानाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३०० आणि ५०० वॉटमधला फरक २.२ डेसिबलचा आहे. चुकून डी-२ सबवूफर घेतला गेला असेल आणि तो ४ ओहमवर चालवावा लागत असेल, तर तो बदलण्यासाठी पदरमोड करण्याची गरज नाही. तेच पैसे १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफ फळीचा, सांधे न गळणारा आणि सबवूफरच्या माहितीपत्रकातल्या लिटरनुसार कापलेला बॉक्स बनवून घेण्यात घातले, तर त्या ३०० वॉटमधून तयार मिळणाऱ्या पातळ बॉक्सपेक्षा खोल आणि स्वच्छ बेस निघेल. पोर्ट, म्हणजे हवेसाठी मोकळी नळी, असलेला बॉक्स केला असेल तर अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) पोर्टच्या ठरवलेल्या वारंवारतेच्या थोडा खाली लावावा, कारण त्या वारंवारतेखाली बॉक्समधली हवा कोनला आवरत नाही आणि वॉट मर्यादेत असूनही कोन आपल्या पल्ल्याबाहेर जाऊन आदळतो.